चाचणी-अहवालासोबत मुदतीचा हिशेबही मागा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोटारीतल्या संगणकांविषयी हल्ली पुष्कळ लिहिले जाते, पण त्यांची कामे ठरलेल्या मुदतीत पुरी होतील याची खात्री कशी करतात, हे वाचकांसमोर क्वचितच येते. मी अनेक वर्षे पिंपरी-चिंचवड परिसरात इंजिन-नियंत्रणाचे सॉफ्टवेअर लिहितो आहे आणि या बाबतीत आपण केवळ चाचण्यांवर नको इतकी भिस्त ठेवतो, असे माझे ठाम मत झाले आहे.

पूर्वीच्या एका नोकरीत आमच्या ईसीयूने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाने, बेंचवर (प्रयोगशाळेतल्या चाचणी-मांडणीवर) तीन आठवडे एकही डेडलाइन, म्हणजे ठरलेली मुदत, चुकवली नव्हती. सरासरी सीपीयू लोड (प्रोसेसर कामात गुंतलेला असण्याचे प्रमाण) ६२ टक्के होता, म्हणून सारे निर्धास्त होते. नंतर खंबाटकी घाट उतरताना चालकाने गिअर खाली टाकला, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) झपाट्याने चढले आणि त्याच क्षणी इतर दोन टास्क (प्रोग्राममधली कामे) जाग्या झाल्या. लॉगमध्ये इंधन-इंजेक्शनचे एक काम मुदतीनंतर संपलेले दिसले. गाडीला काही झाले नाही, पण तो लॉग पाहताना माझ्या पोटात गोळा आला, कारण बेंचवर हा योग कधी जुळलाच नव्हता.

लिऊ आणि लेलँड या संशोधकांनी १९७३ साली दाखवून दिले की ठरावीक कालांतराने येणाऱ्या स्वतंत्र कामांपैकी कमी कालांतराच्या कामाला वरचा अग्रक्रम दिला आणि एकूण लोड सुमारे ६९ टक्क्यांच्या आत असला, तर मुदत चुकत नाही. हा लोड प्रत्येक कामाच्या कमाल वेळावरून काढायचा असतो. आम्ही तिथे सरासरी घातली, ही पहिली चूक. दुसरी अडचण अशी की इंजिनाची कामे घड्याळावर चालत नाहीत, क्रँकशाफ्टच्या (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) फेऱ्यांवर चालतात. ६०० आरपीएमला एक फेरा १०० मिलिसेकंदांचा, तर ६००० ला अवघा १० मिलिसेकंदांचा असतो, आणि म्हणूनच वेग वाढला की प्रोग्राम आपले काम आटोपते घेतो.

समजा, प्रत्येक फेऱ्याला एकदा चालणारे असे एक काम ३००० आरपीएमच्या खाली ९ मिलिसेकंद घेते आणि त्याच्या वर, ६००० पर्यंत, ४. कमाल वेळ आणि किमान कालांतर एकत्र धरले, तर दर १० मिलिसेकंदांना ९, म्हणजे एकट्या कामाचा लोड ९० टक्के होतो आणि विनाकारण महागडा मायक्रोकंट्रोलर (ईसीयूमधली मुख्य चिप) घ्यावा लागतो. पण तेच काम ग्राफ, म्हणजे बिंदू आणि बाणांची आकृती, म्हणून मांडावे. संथ आणि जलद असे दोन बिंदू, त्यांना जोडणारे बाण आणि प्रत्येक बाणावर किमान अंतर: संथाकडून संथाकडे २०, जलदकडून जलदकडे १० आणि एकातून दुसऱ्यात जाताना १८ मिलिसेकंद, कारण इंजिनाचा वेग एका फेऱ्यात दुप्पट होत नाही. प्रत्येक काम पुढचे येण्याआधी संपायला हवे असे धरून सगळे मार्ग तपासले, तर ४० मिलिसेकंदांच्या कोणत्याही अवधीत प्रोसेसरच्या वेळेची मागणी जास्तीत जास्त १८ मिलिसेकंद निघते. ढोबळ हिशेबाने ती ३६ येते.

स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली या मांडणीला व्यापक रूप दिले. ज्याची मुदत आधी संपते त्याला आधी संधी, या नियमाने काम चालत असेल आणि लोड मर्यादेत असेल, तर ही तपासणी व्यवहारात झेपते. वाहनांत मात्र बहुधा अग्रक्रम आधीच ठरवून दिलेले असतात. तिथे प्रत्येक टास्कचे मार्ग इतर टास्कच्या मार्गांशी जुळवून पाहावे लागतात आणि जोड्यांची संख्या आवाक्याबाहेर जाते. हा प्रश्न मुळातच अवघड असल्याचे सिद्धही झाले आहे. तरीही, जे मार्ग दुसऱ्या एखाद्या मार्गाहून कधीच जड ठरत नाहीत ते गाळायचे आणि ढोबळ अंदाजापासून सुरुवात करून गरज पडेल तिथेच बारकाईने पाहायचे, ही उप्सालाचीच पुढची पद्धत पुष्कळ उदाहरणांत उत्तर देते.

आमच्याकडे येणाऱ्या नवपदवीधरांना १९७३ चे सूत्र पाठ असते, पण ग्राफची मांडणी त्यांनी पाहिलेली नसते. अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनी या विषयाला दोन तास द्यावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि ईसीयू विकत घेणाऱ्या वाहन कंपन्यांनी पुरवठादाराकडून चाचणी-अहवालासोबत प्रत्येक टास्कचा ग्राफ, त्यावरील कमाल वेळ आणि मुदतीचा हिशेब लेखी मागून घ्यावा.

आपला,
एक अभियंता, चिंचवड