सानू, तुझी बॉडी वायर जोडून आणली आहे

प्रिय सानू,

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आई, मला तलवारबाजी सोडायचीय," आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते पैशांचं. सेबरची तलवार, मास्क, धातूच्या धाग्यांचा तो लामे कोट, होस्टेलची फी, सगळं एका दमात मोजून दाखवलं. मग दहावीच्या क्रीडा गुणांचा विषय काढला. तू नुसतं "बरं" म्हणालीस आणि फोन ठेवलास. ते "बरं" अजून कानातून जात नाहीये.

दिवाळीत तू जिच्या मागे लागली होतीस ती कोरियन मालिका, 'ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन', मी पाहिली. सोळाच्या सोळा भाग. रात्री ओटा आवरला की फोन डब्याला टेकवून बसायचे आणि खालच्या ओळी वाचत वाचत बघायचे. तेव्हा तू "आई, बस ना पाच मिनिटं" म्हणत होतीस आणि मी चकल्या तळत होते. बसायला हवं होतं.

मला वाटलं होतं, शाळकरी मुलांचं प्रेमप्रकरण असेल. ते आहेच, पण सुरुवात होते ती नायिकेच्या, ना ही-दोच्या, शाळेतला तलवारबाजीचा संघ बंद पडण्यापासून. साल १९९८. आदल्या डिसेंबरात कोरियाला नाणेनिधीकडून कर्ज घ्यावं लागलं होतं, कंपन्या बुडत होत्या, घरं मोडत होती. मी त्याबद्दल थोडं वाचलं. त्या वर्षी तिथल्या सुमारे ३५ लाख लोकांनी देशाचं कर्ज फेडायला घरातलं सोनं बाहेर काढलं, २२७ टनांच्या आसपास. लग्नाच्या अंगठ्या, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला आलेल्या अंगठ्यासुद्धा. तुझ्या बारशातली अंगठी माझ्या कपाटात आहे, ती हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते. अशा दिवसांत कुणाला शाळेतला एक संघ महत्त्वाचा वाटणार? पण त्या मुलीचं तर तेच सगळं जग होतं.

तिच्या आईचा मला आधी फार राग आला. बातम्या देणारी मोठी बाई. लेक हरतेय म्हणून तिला खेळ सोडायला सांगते, भाड्याने आणलेलं कॉमिक फाडते. नवऱ्याच्या अंत्यविधीलाही न जाता बातम्या देत राहिलेली. पुढे मायलेकी त्याच्या कबरीपाशी रडतात, तेव्हा कळतं की आईनेही सगळं आतल्या आत दाबून ठेवलं होतं. तिथे मला तुझे बाबा आठवले. तुझी बॉडी वायर, तलवार गुणांच्या यंत्राला जोडणारी ती तार, राज्य स्पर्धेच्या आदल्या दिवशी तुटली होती, आठवतं? ते ती घेऊन रात्री टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात गेले, शटर अर्धं खाली आलेलं असताना दुकानदाराला थांबवलं आणि स्वतः बॅटरी धरून डाग मारून घेतला. घरी येऊन एवढंच म्हणाले, "झालं काम." मी विचारलं होतं, "किती घेतले?"

आता मुद्द्याचं. त्या मालिकेत ई ये-जी नावाची एक मुलगी आहे. मी तिच्याकडे लक्षही दिलं नव्हतं, मागच्या रांगेत उभी असायची. ती एक दिवस यांग सरांकडे... चुकले, त्या प्रशिक्षक मॅडम आहेत, तर त्यांच्याकडे जाऊन सांगते, मला सोडायचंय. मॅडम म्हणतात, आधी उपांत्यपूर्व फेरी गाठ, मग सोड. ये-जी जीव तोडून सराव करते, फेरी गाठते आणि मग ठरल्याप्रमाणे सोडते. हरून नाही, रुसून नाही. मी तो भाग दोनदा पाहिला.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मनात आलं, तुलाही हीच अट घालावी. विभागीय स्पर्धा खेळ, मग बोलू. दुसऱ्यांदा पाहताना कळलं, मला तो अधिकार नाही. यांग मॅडमनी त्या मुलीला रोज घाम गाळताना पाहिलं होतं. मी तुला खेळताना तीनदा पाहिलंय, तिन्ही वेळा गॅलरीतून, आणि तेही निम्मा वेळ फोनवर शूटिंग करत. तुझ्या दंडावर सेबरचे वळ उठायचे ते मला धुण्याच्या वेळी लांब बाह्या दिसल्या म्हणून कळले.

ही-दो आणि तिची प्रतिस्पर्धी यू-रिम यांच्या त्या अंतिम सामन्यात, वार लागला की पेटणारे दोघींचे दिवे एकदम लागतात आणि गुण कुणाचा ते पंच ठरवतो. सेबरमध्ये हे असंच असतं, हल्ला आधी कुणाचा ते बघतात, हे तू मला कितीदा समजावलंस. मालिका बघताना ते पहिल्यांदा नीट कळलं. सुवर्णपदक मिळूनही सगळा देश ही-दोवर तुटून पडतो. तुझ्या हरलेल्या सामन्यानंतर गाडीत मी दीड तास "पंच काय म्हणाले, नक्की काय म्हणाले" विचारत राहिले होते. तेव्हा तू खिडकीकडे तोंड करून बसली होतीस. मला वाटलं झोपलीस.

शेवट तुला आवडला नव्हता, ही-दो आणि तिचा तो ई-जिन एकत्र आले नाहीत म्हणून. मला आवडला. त्यावर भांडू सावकाश.

मला फक्त एक सांग, आणि घाई करू नकोस: खेळ नकोसा झालाय, की खेळाभोवतीचं आमचं सगळं नकोसं झालंय? पहिलं असेल तर सरांना मी स्वतः फोन करते, तुला एक शब्द बोलावा लागणार नाही. दुसरं असेल तर क्रीडा गुणांचा विषय या घरात पुन्हा निघणार नाही. बाबांशी बोलून झालंय.

वायर पुन्हा सैल झाली होती, काल जोडून आणली. लामे हाताने धुऊन सावलीत वाळवलाय, तुझ्या पद्धतीने, न पिळता. दोन्ही तुझ्या कपाटात वरच्या कप्प्यात आहेत. शनिवारी दुपारच्या एसटीने ये. स्टँडवर मी येते.

तुझी,
आई