आई-बाबांना, पिंपाबद्दल

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

काल फोनवर बाबा म्हणाले, "गेल्या वर्षी मला डेंग्यू होऊन गेलाय, आता तो माझ्या वाटेला जायचा नाही." इतक्या खात्रीने म्हणाले की मला पटकन काही बोलता आलं नाही. रात्रभर तेच डोक्यात राहिलं, म्हणून लिहायला बसले.

बाबा, गोवर-कांजिण्यांचं तसं असतं, डेंग्यूचं नाही. त्याचे विषाणू 4 प्रकारचे. एक होऊन गेला की त्या प्रकारापुरतं शरीर सावध होतं, बाकीचे 3 उरतातच. आणि दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराचा झाला, तर पहिल्यापेक्षा जड जाण्याची भीती जास्त असते. म्हणजे आपल्या घरात सगळ्यात जपायचं ते तुम्हालाच.

गणपतीत आले होते तेव्हा न्हाणीघरातल्या पिंपावरची फळी मी उचलली. पाणी अगदी नितळ. त्यात बारीक, काळपट अळ्या डोकं खाली करून लटकल्या होत्या. माझी सावली पडली तशा सगळ्या वळवळत तळाशी गेल्या. आई म्हणाली, "अगं, पाणी स्वच्छ आहे, कालच भरलंय." स्वच्छच होतं, आणि या डासाला तसंच लागतं. बाबा, तुम्ही पावसाळाभर दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते बघून येता आणि डासांसाठी बोल लावता गोदावरीला नि नाल्याला. नाल्यातले डास वेगळे, ते रात्रीचे चावतात. डेंग्यूचा, पायांवर पांढरे पट्टे असलेला डास घरात साठवलेल्या पाण्यात होतो आणि चावतो दिवसा, सकाळी तुम्ही पेपर घेऊन बसता तेव्हा आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी. चिकुनगुनियाही तोच पसरवतो.

नळाला एकच वेळ पाणी येतं, साठवल्याशिवाय भागत नाही, हे मला कळतं. पण आई, पिंप अर्धं झालं की तू त्यातच वरून भरतेस, ते पुरतं रिकामं होतच नाही. अंडी असतात पाण्याच्या जरा वर, पिंपाच्या आतल्या बाजूला चिकटलेली. कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणून नुसतं ओतून उपयोग नाही, काथ्याने खसखसून घासावं लागतं. अंड्याचा डास व्हायला साधारण 8-10 दिवस लागतात, तेव्हा आठवड्यातून एकदा घासलं तरी पुरे. फ्रिजमागचा ट्रे, मनीप्लांटची बाटली आणि गच्चीतल्या कुंड्यांखालच्या बश्याही त्याच दिवशी. गल्लीतून धुराची गाडी गेली की आपण निर्धास्त होतो, पण तो धूर उडणाऱ्या डासांसाठी आहे, पिंपातल्या अळ्यांना त्याचं काही होत नाही.

आई, गेल्या वर्षी तू बाबांचं ताट-वाटी वेगळी ठेवली होतीस. शिवल्याने किंवा उष्ट्याने डेंग्यू होत नाही गं. पण तापातल्या माणसाला चावलेला डास काही दिवसांनी दुसऱ्याला तो देऊ शकतो. बाबांना दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवायला हवं होतं. हे मला तेव्हा माहीत असतं तर! तू तर दिवसभर त्यांच्या उशाशीच बसलेली.

यंदा कुणालाही ताप आला तर पॅरासिटामॉलशिवाय अंगदुखीची कुठलीही गोळी डब्यातून काढून घेऊ नका, काहींनी रक्तस्राव वाढतो. बाबांची रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे हे डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा. ती थांबवायची की नाही हे त्यांनी ठरवायचं, आपण नाही. आणि बाबा, गेल्या वेळी ताप उतरल्या दिवशीच तुम्ही अंघोळ करून घाटावर निघाला होता. खरा धोका बहुतेकदा ताप उतरल्यावरच्या एक-दोन दिवसांत असतो. पोट फार दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं किंवा नुसतं पडून राहावंसं वाटलं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. मला फोन नंतर करा.

मी पंधरा दिवसांनी शनिवारी येतेय, दोन मच्छरदाण्या घेऊन. पिंप मात्र माझ्यासाठी ठेवू नका, तोवर त्या अळ्यांचे डास झालेले असतील. बाबांना वाकवत नाही, आई, तुझेही गुडघे दुखतात. भांडीवाल्या मावशींना जास्तीचे पैसे देऊन या गुरुवारीच घासून घे आणि झाल्यावर मला सांग.

तुमची,
मनू

ता. क. पिंपावरची फळी एका बाजूने तुटली आहे, तिथून डास आत जातो. तोवर जुनं धोतर दुहेरी करून दोरीने घट्ट बांध.