काटा श्रोत्याच्या हातात नव्हताच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुंबईच्या रेडिओवर आलेला लेख वाचला. जुन्या आवाजांची आठवण काढलीत, बरे वाटले. पण लेखाचा एकूण सूर पटला नाही. खासगी एफएम येईपर्यंत रेडिओ म्हणजे सरकारी कारभार आणि त्यानंतर तो श्रोत्यांच्या आवडीने चालू लागला, असे त्यात गृहीत धरले आहे. माझी हयात लॅमिंग्टन रोडला रेडिओ दुरुस्तीत गेली. गिऱ्हाईक सेट टेबलावर ठेवताना पहिल्यांदा काय सांगते, तर 'अमुक स्टेशन लागत नाही.' त्यावरून हवेत काय चालले आहे ते आम्हाला कळायचे. एवढ्या वर्षांत माझे मत असे झाले की मुंबईच्या रेडिओचा बाज श्रोत्याच्या आवडीने क्वचितच बदलला. पैसा यायची वाट बदलली की बाज बदलला.

सुरुवात हौसेची होती. १९२३ मध्ये इथल्या रेडिओ क्लबाच्या मंडळींनी स्वतःच्या खिशातून प्रक्षेपण केले. ऐकणारे तेच, वाजवणारेही तेच. मग इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी आली आणि २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबई केंद्र सुरू झाले. ट्रान्समीटर अवघा दीड किलोवॉटचा. कंपनीचा हिशेब असा, की रेडिओ बाळगणारा वर्षाला दहा रुपये परवान्याचे भरणार आणि त्यातला मोठा वाटा कंपनीला मिळणार. तेव्हाचे दहा रुपये म्हणजे गिरणीतल्या माणसाच्या पगाराला भोक. सेट परदेशातून येणारा, तो तर त्याहून महाग. मग रेडिओ कोणाच्या घरी असणार? मलबार हिलला, फोर्टात, एखाद्या पारशी बंगल्यात. साहजिकच कार्यक्रमही त्यांच्या कानाला रुचतील असे. साऱ्या देशात मिळून परवाने आठ हजारांच्या पुढे गेले नाहीत आणि १९३० च्या मार्चमध्ये कंपनी दिवाळ्यात निघाली. एप्रिलपासून सरकारने ती चालवायला घेतली, १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव पडले.

सरकार मालक झाल्यावर बाज सरकारच्या मर्जीचा. १९४० मध्ये हार्मोनियमला रेडिओवर बंदी झाली ती १९७१ पर्यंत सुटली नाही. ज्या शहरात नाट्यसंगीत पेटीवर वाढले, त्या शहरातल्या केंद्रात पेटीला मज्जाव! हा निर्णय मुंबईतल्या कोणा श्रोत्याला विचारून झाला नसणार. ४२ च्या चळवळीत याच शहरात उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुपचूप काँग्रेस रेडिओ चालवला, जागा बदलत बदलत, काही महिने. त्यांना यंत्रसामग्रीची मदत करणारे शिकागो रेडिओ या कंपनीचे नानक मोटवाने हे आमच्याच धंद्यातले, म्हणून मला त्यांचा विशेष अभिमान. त्या केंद्रावर ना जाहिरात, ना परवाना, फक्त बातम्या आणि आवाहने. नोव्हेंबरात पोलिसांनी ते बंद पाडले.

स्वातंत्र्यानंतर बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि चित्रपटगीतांना आकाशवाणीवर ओहोटी लागली. श्रोत्याची आवड काय होती हे सांगायला वेगळा पुरावा नको. लोकांनी काटा सरळ सिलोनवर, म्हणजे आताच्या श्रीलंकेच्या केंद्रावर नेला. रेडिओ सिलोनला जाहिराती चालत, त्यामुळे तिथे फिल्मी गाणी वाजवणे परवडत होते. गंमत अशी की १९५२ मध्ये सुरू झालेली अमीन सयानींची गीतमाला, फिल्मी गाण्यांचा कार्यक्रम, बोलली जायची मुंबईत आणि हवेत सोडली जायची कोलंबोहून. म्हणजे मुंबईचा माणूस मुंबईचाच आवाज समुद्रापलीकडून खरखरीसकट ऐकत होता. मी धंद्यात शिरलो तेव्हाही 'सिलोन नीट लागत नाही' हीच तक्रार सर्रास यायची. लघुलहरींवर काटा केसभर हलला तरी स्टेशन निसटते. त्यात चाळीतल्या सेटचा डायलचा दोरा हमखास सैल झालेला असायचा. बटण फिरते, काटा जागचा हलत नाही! दोरा बदलायचा, स्टेशन लावणाऱ्या गँग कंडेन्सरमधली धूळ काढायची, खिडकीतली तांब्याची जाळी उंच बांधा म्हणून सांगायचे. बुधवारच्या आत सेट मिळाला पाहिजे असा गिऱ्हाइकाचा आग्रह, कारण गीतमाला बुधवारी.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीची विविध भारती वाहिनी सुरू झाली ती याच पळालेल्या श्रोत्याला परत आणण्यासाठी. म्हणजे इथे श्रोत्याचे ऐकले, असे कोणी म्हणेल. म्हणा. पण उशीर पाहा. आणि तिचा खरा कायापालट झाला १ नोव्हेंबर १९६७ रोजी, मुंबई, पुणे, नागपूर या तीन केंद्रांवर जाहिराती सुरू झाल्या तेव्हा. सरकारी रेडिओ पहिल्यांदा साबण आणि डोकेदुखीच्या गोळ्या विकू लागला. प्रायोजित कार्यक्रम आले. गीतमालाही अखेर १९८९ मध्ये विविध भारतीवर आली, पण तोवर गिऱ्हाईक टीव्ही दुरुस्तीला आणू लागले होते.

आपल्या लेखात ज्याची एका वाक्यात बोळवण केली आहे, त्या आकाशवाणीच्या मुंबई 'ब' या मराठी केंद्राकडे आता येतो. पुढे त्याचेच नाव अस्मिता वाहिनी झाले. माझ्या हिशेबाला अपवाद असलाच तर तो हा. इथे पैसा सरकारचा होता, विकायचे काही नव्हते, आणि वरिष्ठांचे बहुधा मराठी बोलक्या कार्यक्रमांकडे फारसे लक्षही नसावे. त्यामुळे आतल्या माणसांना मोकळीक मिळाली. कामगार सभा, वनिता मंडळ, आपली आवड, गंमत जंमत, श्रुतिका म्हणजे रेडिओवरची नाटके. 'पुन्हा प्रपंच' ही मालिका लागली की टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत ही तीन माणसे चाळीच्या प्रत्येक बिऱ्हाडात एकाच वेळी बोलत असत. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांचे हे आवाज. गॅलरीतून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत गेलात तरी एक वाक्य चुकत नसे. विषय काय, तर रेशन, पाहुणे, बसची रांग, महागाई. कामगार सभा संध्याकाळी लागे, पहिली पाळी सुटून माणूस हातपाय धुऊन बसला की. गिरणीतल्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलणारा असा कार्यक्रम कुठल्या जाहिरातदाराने काढला असता? त्याच्या खिशात विकत घेण्याजोगे होतेच काय!

आमच्या दुकानात टेबलावर एक उघडा मर्फी सेट कायम चालू असे. वरची पेटी काढलेली, आत वॉल्व्हचे तांबूस दिवे, आणि त्यावर 'मुंबई ब'. नवीन दुरुस्त केलेल्या सेटचा आवाज त्याच्याशी ताडून बघायचा. बोलणाऱ्या माणसाच्या आवाजात दोष लगेच कळतो, गाण्यात लपतो. त्यामुळे आम्हाला धंद्यासाठी श्रुतिकाच लागायची.

टीव्ही आला २ ऑक्टोबर १९७२ रोजी. ८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावच मोडले, तेव्हा कामगारांसाठीच्या कार्यक्रमाचा श्रोता पांगला. रेडिओचा परवाना काढायला पोस्टात उभे राहायची कटकटही ऐंशीच्या दशकात संपली. तोवर रेडिओ बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात आणि तिथून टॅक्सीत गेला होता.

१९९३ मध्ये आकाशवाणीने एफएमवरचे तास खासगी कंपन्यांना विकायला काढले. जुन्या सेटला एफएमचा बँडच नाही, त्यामुळे लोक 'यात एफएम बसवून द्या' म्हणून यायचे. बसत असे, पण नवा छोटा सेट त्याहून स्वस्त पडे. १९९८ मध्ये ते करार संपवले. मधल्या काळात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला होता. सार्वजनिक मालमत्तेचे मग काय झाले? लिलाव. मुंबईत एका केंद्राचा परवाना वर्षाला पावणेदहा कोटींच्या घरात गेला, वर दरवर्षी पंधरा टक्के वाढ. २००२ मध्ये खासगी केंद्रे सुरू झाली. एवढा पैसा सकाळ-संध्याकाळच्या जाहिरातींतून काढायचा, तर सर्वांना चालेल तेच वाजवायचे. पाच केंद्रे आणि सगळीकडे तीच हिंदी गाणी, हा दोष निवेदकांच्या बुद्धीचा नव्हता, परवान्याच्या रकमेचा होता. विन ९४.६ हे केंद्र २००५ मध्ये बंद पडले. गो ९२.५ इंग्रजीत बोलायचे, तेही टिकले नाही. पुढच्या फेरीत सरकारने ठरलेली रक्कम काढून उत्पन्नाच्या चार टक्क्यांवर आणले, आणि एका शहरातल्या केंद्रांमध्ये ०.८ मेगाहर्ट्झचे अंतर ठेवले. डायलवर बघा: ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३. या पायऱ्यांत ९२.५ बसत नाही. ज्याच्या नावातच आकडा होता त्या केंद्राचा आकडा गेला, नाव गेले, भाषा हिंदी झाली. ते ९४.३ वर रेडिओ वन म्हणून आले आणि पुढे पुन्हा इंग्रजीकडे वळले. यात श्रोत्याला कोणी काही विचारले का?

आपल्या लेखात २६ जुलै २००५ चा उल्लेख यायला हवा होता. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस, लोकल बंद, मोबाइल मुके. तेव्हा लोक अडकलेल्या गाड्यांत, अंधाऱ्या घरांत एफएम लावून बसले होते. कुठे पाणी किती, कोणता रस्ता चालू, कोण कुठे सुखरूप आहे, हे निवेदक तासन्‌तास सांगत होते. खासगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मनाई होती, आजही आहे. रहदारी, हवामान असली माहिती 'बातमी' धरायची नाही, अशी सवलत नियमात आली ती पुढे २०११ मध्ये. म्हणजे रेडिओ मुंबईचा झाला तो नियमांमुळे नव्हे, नियम बाजूला राहिले त्या दिवशी.

आता मुद्द्याचे. २३ जुलै २०२७ रोजी मुंबई केंद्राला शंभर वर्षे होतील. समारंभ होईल, टपाल तिकीट निघेल, गाण्यांची मैफल तर नक्कीच होईल. गाणी कुठेही मिळतात, त्यांच्या तबकड्या निघाल्या होत्या. बोललेले मराठी मिळत नाही. टेप महाग, म्हणून एकदा वाजलेला कार्यक्रम पुसून त्याच फितीवर दुसरा घ्यायचा, ही रीतच होती. संग्रहात जे वाचले आहे त्याची यादी तरी लोकांसमोर ठेवावी: कोणत्या श्रुतिका, कामगार सभेचे किती भाग, कोणत्या भेटी. यादी आधी, ध्वनिमुद्रणे सावकाश. आपल्या वृत्तपत्राने हा पाठपुरावा केला तर त्याला वजन येईल, माझ्यासारख्याच्या अर्जाला येणार नाही.

यादीत जे नसेल त्यातले पुष्कळ वाचकांच्या माळ्यावर असेल, कारण सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून लोक रेडिओवरून कॅसेट भरत होते. त्यांना एक विनंती. जुनी कॅसेट सापडली की लगेच वाजवू नका. आत पांढरी बुरशी दिसते का ते उजेडात धरून पाहा. दिसली तर मशीनमध्ये घालूच नका, फीत वाचणाऱ्या हेडला लागली की पुढच्या कॅसेटही खराब होतात. बुरशी नसेल तर आधी पेन्सिलीने हाताने चार फेरे फिरवून फीत मोकळी करा. फितीच्या मागचा कापडी गादीचा तुकडा गळून पडला असेल तर आवाज दबका येईल. तो दुसऱ्या कॅसेटमधला काढून बसवता येतो. आणि कॅसेटच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे कान मोडलेले आहेत ना तेवढे पाहा, नाहीतर कोणीतरी वरून रेकॉर्ड करेल.

आपला,
एक निवृत्त रेडिओ मेकॅनिक,
ताडदेव, मुंबई