आमिष दुसऱ्याच्या लेकराचे

ऑनलाइन बालशोषणाच्या टोळ्यांमध्ये पोलिसांनी बनावट नावाने शिरावे, असे सुचवणारा आपला अग्रलेख वाचला. सोंग घेण्यास माझी हरकत नाही. परंतु टोळीचे संकेतस्थळ ताब्यात घेऊन ते पोलिसांनीच चालू ठेवणे ही निराळी गोष्ट आहे. अमेरिकेच्या एफबीआयने २०१५ मध्ये ‘प्लेपेन’ हे असेच ताब्यात घेतलेले संकेतस्थळ सुमारे दोन आठवडे चालवले, तर ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड पोलिसांनी २०१६-१७ मध्ये ‘चाइल्ड्स प्ले’ जवळपास ११ महिने चालू ठेवले. त्यातून गुन्हेगार सापडले, मुलांची सुटकाही झाली, हे मान्य; पण तोवर इतर मुलांच्या शोषणाची चित्रे पोलिसांच्या देखरेखीखाली फिरतच राहिली आणि त्या मुलांना कोणी विचारले नव्हते. आमच्या किनाऱ्यावर गळ टाकणारा आमिष निदान स्वतःच्या डब्यातले लावतो. असे साहित्य बाळगणेसुद्धा गुन्हा ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले असताना, आपल्याकडे अशी कारवाई करायचीच झाल्यास ती किती दिवस चालेल आणि त्यात काय पूर्णपणे वर्ज्य असेल, हे तपास अधिकाऱ्याने नव्हे, तर न्यायाधीशाने आधी लेखी ठरवून द्यावे.

– एक निवृत्त शिक्षक, देवगड (जि. सिंधुदुर्ग)