योकोहामाला एक दुपार पुरणार नाही

चि. सौ. केतकी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या नोव्हेंबरमधल्या जपान प्रवासाचा आराखडा वाचला. टोकियो आणि क्योतोला भरपूर दिवस देऊन योकोहामासाठी तुम्ही फक्त एक दुपार ठेवली आहे, आणि तीही चायनाटाउनमध्ये जेवून परतण्यापुरती. माझे मत विचारलेस म्हणून सांगते, तेथे एक रात्र मुक्काम करा. जिची सगळी नोकरी मुंबईच्या कस्टम्समध्ये माल तपासण्यात गेली, तिला बंदराचे शहर आवडणारच, असे तुझे बाबा म्हणतात. त्यात तथ्य असेल. पण योकोहामात खायचे, विकत घ्यायचे आणि पाहायचे जे काही आहे, ते जवळजवळ सगळे जहाजातून उतरलेले किंवा जहाजात चढलेले आहे, आणि हे ध्यानात ठेवून फिरलात तर ते शहर टोकियोचे उपनगर वाटत नाही.

१८५९ मध्ये परदेशी व्यापारासाठी बंदर उघडले तेव्हा तेथे शंभरेक घरांची कोळीवस्ती होती. आज लोकसंख्या सदतीस लाखांच्या आसपास आहे. एवढी वाढ झाली ती मुख्यतः कच्च्या रेशमाच्या निर्यातीमुळे, म्हणून सुरुवात समुद्राकाठच्या सिल्क म्युझियमपासून कर. शिबुयाहून निघणारी गाडी न बदलता पाऊण तासाच्या आत निहोन-ओदोरी स्थानकात उतरवते, आणि तेथून म्युझियम चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सोमवारी मात्र जाऊ नका, ते बंद असते. कोशातून धागा कसा निघतो हे तेथे नीट समजते, आणि खाली योकोहामाचे छापील रेशमी स्कार्फ मिळतात. रेशमाच्या व्यापारातूनच हा छपाईचा धंदा तेथे रुजला. स्वस्त नाहीत, पण मोटोमाची रस्त्यावरच्या देखण्या दुकानांतून पिशव्या आणि बूट पाहून झाल्यावरही मला विकत घ्यावासा वाटला तो स्कार्फच. कारण तो त्या गावचा माल आहे. मॉलमध्ये मिळणाऱ्या वस्तू तुला ठाण्यातही मिळतील.

निहोन-ओदोरी रस्त्यावर नोव्हेंबरच्या अखेरीस गिंकोची झाडे पिवळी होतात, तुमच्या तारखा त्यासाठी योग्य आहेत. याच भागात तीन जुने मनोरे आहेत. खलाशांनी त्यांना पत्त्यांतली नावे दिली: प्रांतिक सरकारचे कार्यालय हा किंग, बंदर उघडल्याच्या स्मरणार्थ बांधलेले सभागृह हा जॅक, आणि हिरव्या घुमटाची कस्टम्सची इमारत ही क्वीन. क्वीन १९३४ ची. किंगची उंची ४९ मीटर, म्हणून त्या वेळच्या कस्टम्सच्या प्रमुखांनी आराखडा बदलून आपला मनोरा ५१ मीटरचा करायला लावला, असे सांगतात. खात्याचा हा अभिमान मला अगदी ओळखीचा वाटला. आत तळमजल्यावर विनामूल्य संग्रहालय आहे. नावाजलेल्या कंपन्यांच्या खोट्या वस्तू, चोरटा माल लपवण्याच्या तऱ्हा असे सगळे तेथे मांडले आहे. बाबा लवकरच बाहेर जाऊन बाकावर बसले. सुहासराव तसे करणार नाहीत, असे वाटते.

अकारेंगा म्हणजे लाल विटांची दोन गोदामे हीसुद्धा मूळची कस्टम्सचीच, आपल्या खात्याच्या भाषेत बॉण्डेड वेअरहाउसे, म्हणजे जकात भरेपर्यंत माल ठेवण्याची गोदामे. दुसऱ्या क्रमांकाचे १९११ मध्ये पूर्ण झाले आणि पहिल्याचे १९१३ मध्ये. पहिले आज निम्मेच दिसते, कारण १९२३ च्या भूकंपात उरलेला भाग पडला. २००२ पासून तेथे दुकाने, खाद्यगृहे आणि प्रदर्शने आहेत. दुकानांत फार वेळ घालवू नका. लोखंडी दारे, जाड भिंती आणि जुने जिने पाहा, आणि मग समुद्राकडेने ओसानबाशी धक्क्यावर जा. तेथली प्रवासी जहाजांची इमारत बाहेरून लाकडी टेकडीसारखी आहे; पायऱ्या न चढता, उतारावरून चालत छतावर पोहोचता येते, आणि दिवे लागल्यावर सगळे बंदर तेथून दिसते. त्यासाठी कोणी पैसे घेत नाही. मोठ्या पाळण्याच्या रांगेत उभे राहण्यापेक्षा मी दोन वेळा तेथे जाईन.

यामाशिता पार्क भूकंपातल्या पडझडीचा मलबा समुद्रात भरून केलेल्या जमिनीवर उभे राहिले आणि १९३० मध्ये खुले झाले. काठाला त्याच वर्षीचे हिकावा मारू हे जहाज बांधून ठेवले आहे, ते आतून अवश्य पाहा. याच बागेत घुमटाखाली पाण्याचे कारंजे असलेला एक छोटा मंडप आहे, त्याच्याकडे पर्यटक सहसा वळत नाहीत. तो भारतीयांनी दिलेला आहे. योकोहामात रेशमाचा व्यापार करणारे आपले लोक, त्यांत सिंधी पुष्कळ, भूकंपानंतर कोबेला निघून गेले. ते परतावेत म्हणून योकोहामाने त्यांना मदत केली, आणि त्या मदतीची जाण व मृतांची आठवण म्हणून १९३९ मध्ये हा मंडप उभा राहिला. आत उभे राहून घुमटाच्या आतली रंगीत नक्षी पाहा. मुंबई आणि योकोहामा १९६५ पासून भगिनी शहरे आहेत, हे किती मुंबईकरांना ठाऊक असेल कोण जाणे.

आता जेवणाचे. सुहासराव शाकाहारी असल्यामुळे येथे विचार करावा लागेल. जपानी रश्श्यात आणि सोबा नावाच्या नूडल्सच्या सॉसमध्येही बहुधा दाशी म्हणजे चवीसाठी काढलेला अर्क असतो, आणि दाशीत कात्सुओबुशी म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाचा कीस. आपल्याकडे वांग्याच्या भाजीत सोडे घालावेत तसा तो भाजीतही शिरतो. मासा दिसत नाही म्हणून तो नाही, असे समजू नये. त्यांच्यासाठी ‘मांस, मासे आणि माशाची दाशी चालत नाही’ असे जपानीत लिहिलेला कागद जवळ ठेवा. चायनाटाउनमध्ये भाजलेले चेस्टनट ते निर्धास्त खाऊ शकतील. वाफवलेल्या पावांत मात्र बहुधा डुकराचे मांस असते. तेथले कानतेइब्यो मंदिर खाण्याच्या गर्दीत पाहायचे राहून जाते, तसे होऊ देऊ नका.

तू सगळे खातेस, तेव्हा तुझ्यासाठी कियोकेन कंपनीचा शिउमाई डबा. शिउमाई म्हणजे पातळ पारीत सारण भरून वाफवलेले छोटे गोळे. योकोहामा टोकियोच्या इतके जवळ की स्थानकावर कोणी जेवणाचा डबा घेईना. तेव्हा गावाची ओळख ठरेल असा पदार्थ हवा म्हणून १९२८ मध्ये हे शिउमाई निघाले. डुकराच्या मांसात वाळवलेल्या शिंपल्यांचे मांस मिसळल्यामुळे ते गार झाल्यावरही चवदार लागतात, आणि ते गारच खायचे असतात. पेटीत सोया सॉसची चेहरा रंगवलेली चिमुकली चिनी मातीची कुपी असेल, तर ती फेकू नकोस. रात्री इएकेई रामेन खा: जाड नूडल्स, डुकराच्या हाडांचा व सोया सॉसचा दाट रस्सा, वर पालक आणि नोरी म्हणजे समुद्री शेवाळाचे पापुद्रे. ही तऱ्हा १९७४ मध्ये योकोहामातच सुरू झाली. कप नूडल्सचे संग्रहालय मुले बरोबर असतील तेव्हा पाहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसने सांकेइएन उद्यानात जा. रेशमाचे व्यापारी हारा तोमितारो यांनी १९०६ मध्ये ते लोकांसाठी खुले केले, आणि क्योतोकडून आणलेला १४५७ मधला तीन मजली पॅगोडा तेथे टेकडीवर उभा केला. १९१६ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर हारांकडे राहिले होते. तेव्हा समुद्र पायथ्याशी होता. आता भराव टाकलेल्या जमिनीवरचे कारखाने दिसतात. तो देखावाही पाहा, बंदराची खरी मिळकत तिकडेच आहे.

खरेदीबाबत एक खात्यातला सल्ला. परदेशी पाहुण्यांना जपानमधला १० टक्के उपभोग कर माफ होतो, पण नोव्हेंबर २०२६ पासून तो आधी पूर्ण भरायचा आणि देश सोडताना कस्टम्सने वस्तूंची खात्री केल्यावर परत घ्यायचा, असे ठरले आहे. तेव्हा दुकानात पासपोर्ट दाखवा, आणि करमाफीच्या वस्तू खात्री होईपर्यंत हाताशी ठेवा. बॅगेत तळाशी गेल्या, तर विमानतळावर सगळी बॅग उलटी करावी लागेल. अधिकाऱ्यावर चिडू नका, तो त्याचे काम करत असतो.

हॉटेल कान्नाई भागात घ्या, सगळे चालत जाण्याच्या अंतरावर राहील. सुहासरावांना आशीर्वाद सांग. आराखडा बदललास की मला पाठव.

तुझी,
आई