पालकमंत्र्यांना खुले पत्र : पाळण्याचा दांडा कोण तपासतो?

मा. पालकमंत्री,
नागपूर जिल्हा

महोदय,

कोराडीचं नवरात्र, रामटेकची त्रिपुरी पौर्णिमेची यात्रा, मग थंडीतले आनंदमेळे. यात्रांचा हंगाम लागला की आपल्या जिल्ह्यात पाळणे थांबत नाहीत. आकाशपाळणा, ब्रेकडान्स, टोराटोरा, कोलंबस, आणि मेळा जरा मोठा असला तर रुळांवरची ड्रॅगन गाडी. शहराबाहेरच्या पार्कांमधल्या कायमच्या राइड्स वेगळ्याच. या सगळ्याची परवानगी देण्याचा अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ खालच्या नियमांतून येतो. शहरात तो पोलीस आयुक्तांकडे आहे, ग्रामीण भागात जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे. अग्निशमनची एनओसी, विजेच्या जोडणीचा दाखला, सांगाड्याच्या मजबुतीचं पत्र, पार्किंग, असे कागद फायलीला लागतात. पण पाळण्यात बसलेल्या माणसाला जागेवर धरून कोण ठेवतं, त्या दांड्याची, पट्ट्याची, लॉकची तपासणी कोणी केली, याचा वेगळा रकाना निदान माझ्या पाहण्यात नाही. हे पत्र त्या एका रकान्यासाठी आहे.

माझी सगळी नोकरी लिफ्टच्या देखभालीत गेली. लिफ्टचा वेग तो काय? पण दार पूर्ण लागून डोअर कॉन्टॅक्ट, म्हणजे दाराचा विजेचा जोड, जुळला नाही तर लिफ्ट जागची हलत नाही. वेग वाढला की गव्हर्नर, म्हणजे वेगावर लक्ष ठेवणारं चाक, खेचतो आणि सेफ्टी गिअर, म्हणजे लिफ्टचा आणीबाणीचा ब्रेक, रुळाला आवळतं. यासाठी राज्याचा २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, विद्युत निरीक्षकाचा परवाना आहे, तपासणी आहे. आणि माणसाला उलटंपालटं करून फेकायला निघालेलं यंत्र मात्र आपण मैदानाच्या भाड्याच्या पावतीवर सुरू करू देतो. चिडून लिहितोय, माफ करा, पण मला दुसरा शब्द सुचत नाही.

गेल्या उन्हाळ्यात शहरातल्या एका मैदानावर एका पाळण्याजवळ बराच वेळ उभा राहिलो. खोड जुनी आहे, कुठलंही यंत्र फिरताना दिसलं की नजर आधी पिनांवर जाते. एका बाकाला दोघांमध्ये मिळून एकच दांडा होता. आई आणि तिचा सात-आठ वर्षांचा मुलगा बसले. दांडा खाली आला तो आईच्या पोटाशी थांबला. पोराच्या पोटापासून दांड्यापर्यंत शाळेचं दप्तर मावेल एवढी फट. पुढच्या बाकाच्या बिजागरीत कॉटर पिनच्या (खिळी निसटू नये म्हणून घालतात त्या पिनेच्या) जागी वाकवलेला खिळा होता. तिसऱ्या बाकाला पट्टा होता, पण बकल लागत नव्हतं म्हणून त्याची गाठ मारलेली. चालवणाऱ्या पोराला म्हटलं, तर हसून म्हणाला, "कुछ नहीं होता चाचा, पकड़ के बैठने का." त्या पोरावर माझा राग नाही. जितक्या फेऱ्या तितका गल्ला, आणि गल्ला काही त्याच्या खिशात जात नाही.

"पकडून बसा" हेच मुळात चुकीचं आहे. रोलर कोस्टरची गाडी चढावरून माथ्यावर येऊन एकदम खाली वळते, तेव्हा गाडी वळते पण अंग आपल्या वेगानं सरळ वरच जाऊ पाहतं. पोटात गोळा येतो तो तेव्हाच, आणि माणूस सीटवरून उचलला जातो. त्या क्षणी हाताच्या पकडीचा भरवसा नाही. मांड्यांवर घट्ट बसलेला दांडाच त्याला धरतो. म्हणून चांगल्या रोलर कोस्टरमध्ये दांडा दात्यांच्या चक्रावर खटक्यानं किंवा हायड्रॉलिक सिलिंडरनं अडकतो, तो फक्त खाली येतो, आणि वर जायचा तो चालवणाऱ्यानं सोडल्यावरच. अमेरिकेतल्या एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात अशा बंधनांचे पाच वर्ग आहेत. राइड अंगाला किती फेकते त्यावर वर्ग ठरतो. सर्वात वरच्या वर्गात एक लॉक तुटलं तरी दुसरं धरेल अशी सोय असावीच लागते. आयएसओ १७८४२ हे आंतरराष्ट्रीय मानकही याच विषयाचं आहे. म्हणजे आपल्याला नवं काही शोधायचं नाही.

आणि चांगल्या यंत्रातही माणूस गोंधळ घालतोच. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत ऑरलँडोला उंच मनोऱ्यावरून सोडणाऱ्या राइडमधून १४ वर्षांचा एक मुलगा पडून मरण पावला. हार्नेस, म्हणजे खांद्यावरून खाली येणारी चौकट, नीट लागलंय का हे ओळखणारा त्या सीटचा सेन्सर हातानं फिरवून ठेवला होता. हार्नेस नेहमीपेक्षा खूप जास्त उघडा असतानाही दिवा हिरवाच लागला, आणि खांद्यावरच्या हार्नेसला जोडीला साधा पट्टा नव्हता. टेक्सासमध्ये २०१३ साली एका मोठ्या रोलर कोस्टरवरून एक बाई पडली. तिथे नुसता दांडा होता; पट्टे नंतर लावले. लिफ्टच्या भाषेत सांगायचं तर कॉन्टॅक्टला वायरचा जंपर मारून, म्हणजे दार उघडं असतानाही लागल्याचं भासवून, लिफ्ट चालवण्यासारखा हा ऑरलँडोचा प्रकार. असे जंपर मी कमी काढलेले नाहीत.

आपल्याकडचे अपघात थोडे वेगळे, तेही सांगायला हवं. १४ जुलै २०१९ ला अहमदाबादच्या कांकरियाला झुलणाऱ्या राइडला पेलणारा मुख्य पाइपच मोडला, दोघं गेले, पंचवीसहून जास्त जखमी झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये मोहालीच्या मेळ्यात वर चढवलेला पाळणा माणसांसकट खाली आदळला. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीच्या कापसहेडा भागातल्या पार्कात रोलर कोस्टरवरून पडून एक तरुणी गेली. सांगाडाच मोडला तर पट्टा कोणाला वाचवत नाही. पण सांगाड्याचा निदान कागद तरी मागितला जातो, पट्ट्याचा तोही नाही. राजकोटच्या गेमिंग झोनच्या आगीनंतर गुजरातनं २०२४ मध्ये राइड्स आणि गेमिंग झोनसाठी वेगळे नियम केले. आपण कशाची वाट पाहतोय?

कायदा व्हायला वेळ लागेल, कबूल. डिसेंबरमध्ये सिव्हिल लाइन्सच्या विधानभवनात अधिवेशन भरतं, तिथे हा विषय मांडाच. पण जिल्ह्यापुरतं एक काम आपल्या बैठकीत बसल्या जागी होईल. परवानगीच्या अटींमध्ये एवढं टाकायला सांगा की प्रत्येक सीटचा दांडा, पट्टा आणि लॉक ओढून, वजन लावून तपासलं जाईल, आणि तपासणाऱ्याची सही त्या सीटच्या नंबरासमोर असेल. "सर्व राइड्स सुस्थितीत आहेत" अशी एका ओळीची मोघम सही चालणार नाही. एकाच दांड्यामागे मोठा माणूस आणि लहान मूल बसायचं असेल तर मुलाला स्वतःचा वेगळा पट्टा हवा, नाहीतर मूल बसणार नाही. लॉक लागल्याशिवाय मोटर सुरू होत नाही अशी सोय ज्या पाळण्याला नाही, तिथे चालवणाऱ्याशिवाय दुसरा माणूस प्रत्येक दांडा हातानं वर ओढून पाहील, मगच शिट्टी. बरेच पाळणे गावातल्याच वेल्डिंगच्या दुकानात तयार होतात, त्यांना कंपनीचं मॅन्युअलही नसतं. अशांची तपासणी शासकीय तंत्रनिकेतनाच्या किंवा व्हीएनआयटी या इथल्या अभियांत्रिकी संस्थेच्या यांत्रिकी विभागाकडून करून घ्यावी. फी मेळेवाल्यानं भरावी. तिकिटामागे दोन रुपये वाढले तर कोणाचंही घर बसणार नाही.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दांडा पुरेसा खाली येत नाही एवढं शरीर असेल, किंवा मूल उंचीत बसत नसेल, तर त्या माणसाला उतरवायची हिंमत त्या वीस वर्षांच्या पोरात येत नाही. उतरवलं की भांडण होतं. "पैसे दिले आहेत, तू कोण सांगणारा?" आपल्या लोकांचा आवाज आपल्याला ठाऊकच आहे; बाप उंचीच्या काठीसमोर पोराला टाचा उंच करायला लावतो, हेही मी पाहिलंय. म्हणून जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस आयुक्त यांच्या आदेशाचा क्रमांक घातलेला फलक प्रत्येक राइडच्या तोंडाशी, मराठीत आणि हिंदीत, लावायला लावा. बसवायचं की नाही हे ठरवण्याचा अधिकार चालवणाऱ्याचा, तिकिटाचे पैसे परत मिळतील, हुज्जत घातली तर पोलीस येतील, इतकंच त्यावर असू द्या. पोराला बोट दाखवायला काहीतरी मिळेल.

कोराडीच्या परवानग्या निघण्याआधी आदेश निघाला तर यंदाचा हंगाम हाती लागेल. तपासणीसाठी माणसं कमी पडत असतील तर शहरात माझ्यासारखे निवृत्त फिटर आणि लिफ्ट मेकॅनिक पुष्कळ आहेत. बोलावलंत तर पाना घेऊन येऊ, मानधन नको.

आपला,
एक निवृत्त लिफ्ट मेकॅनिक
नागपूर