बोटीचा कॅम एक्झॉस्ट आणि पंखा पाहून निवडावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बोटीच्या व्ही-८ पेट्रोल इंजिनाची ताकद वाढवण्यावर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. बोअर, कॉम्प्रेशन आणि हेडबद्दलची माहिती चांगली आहे. कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणारा-मिटवणारा दांडा, थोडक्यात कॅम) परिच्छेदात मात्र मोटारीचा हिशेब जसाच्या तसा बोटीला लावला आहे: ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचे अंश) वाढवा, लोब (कॅमवरचे उंचवटे) जवळ आणा, ताकद वाढेल. हे वाचून कोणी शेव्हरोलेचे ४५४ क्युबिक इंचाचे इंजिन बांधायला घेतले, तर हंगाम संपायच्या आत ते पुन्हा खोलावे लागण्याची भीती आहे. म्हणून हे पत्र.

मोटारीचा एक्झॉस्ट कोरडा असतो. इनबोर्ड (इंजिन बोटीच्या आत) आणि स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, ड्राइव्ह मागच्या टोकाला) बोटीत धूर गोळा करणाऱ्या मेनिफोल्डच्या पुढच्या एल्बोमध्ये (वाकड्या नळीत) थंड करणारे पाणी थेट धुरात सोडतात, कारण पुढे रबरी नळी असते आणि इंजिनही बंद खोलीत असते. आता ओव्हरलॅप पाहा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता मिटलेला नाही आणि इनलेट उघडू लागला आहे, असा हा क्षण. आयडलिंगला इनलेट मेनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, त्यामुळे धूर उलटा आत ओढला जातो आणि त्याच्याबरोबर एल्बोमधले पाण्याचे तुषारही येतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गंजतो, गाइडमध्ये अडकतो, पुशरॉड वाकतो. पाणी जास्त साचले तर पिस्टन त्याच्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढल्यावर इलेक्ट्रोडवर तांबूस डाग दिसले, किंवा डिपस्टिकवरचे ऑइल दुधाच्या चहासारखे झाले, तर थांबावे. हे सारे फुल थ्रॉटलला होत नाही, धक्क्याजवळ हळू चालताना होते. कोरडे हेडर (नळ्यांचे एक्झॉस्ट मेनिफोल्ड) लावून डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) काढलेल्या आलेखात म्हणूनच याचा मागमूस नसतो.

ओव्हरलॅप काढणे सोपे आहे. इनलेट आणि एक्झॉस्टच्या ड्युरेशनची सरासरी घ्यायची आणि तीतून लोब सेपरेशनची (दोन्ही लोबच्या मध्यांमधल्या कोनाची) दुप्पट वजा करायची. ५० थाऊ (इंचाचे हजारावे भाग) लिफ्टवर (लोबने दिलेल्या उचलीवर) २२४/२३४ अंशांचा कॅम घ्या. सरासरी २२९. सेपरेशन ११० असेल तर ओव्हरलॅप ९ अंश, ११४ असेल तर फक्त १. ड्युरेशन तेच, लिफ्ट तीच, पण पहिला कॅम पाणी ओढेल आणि दुसरा ओढणार नाही. बिडाचे मूळ मेनिफोल्ड आणि मूळ रायझर (एल्बो वर उचलणारा तुकडा) ठेवायचे असतील तर ५० थाऊवरचा ओव्हरलॅप शून्याच्या आसपास ठेवावा आणि सेपरेशन ११२ च्या खाली आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. २३६/२४४ चा कॅम ११४ वर घेतला तरी ओव्हरलॅप १२ अंश होतो. त्याला पाणी अगदी टोकाशी सोडणारे, आतून कोरडे हेडर हवेत. त्या हेडरचे पैसे खिशात नसतील तर तो कॅमही घेऊ नये.

दुसरा प्रश्न पंख्याचा, म्हणजे बोट ढकलणाऱ्या प्रॉपेलरचा. मोटार उतारावर सुटते, तिला गिअर असतात. बोटीला एकच रेशो, आणि भार क्षणभरही सुटत नाही. पंख्याला लागणारी ताकद साधारण आरपीएमच्या घनाने वाढते: ४५०० वरून ५००० ला जायचे तर तोच पंखा जवळजवळ ३७ टक्के जास्त ताकद मागतो. त्यामुळे कॅम बदलून ताकदीचे शिखर ५२०० ला नेले आणि पंखा जुनाच ठेवला, तर इंजिन ४६०० च्या आसपास गुदमरत राहते. कॅम तिथे अर्धवट जागा असतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतो, नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक) सुरू होते, आणि बोटीच्या आवाजात ते नॉकिंग ऐकूही येत नाही. पंख्याचा पिच (एका फेऱ्यात पुढे सरकण्याचे हिशेबी अंतर) १ इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. त्या हिशेबाने पंखा आधी ठरवावा. जड केबिनची बोट असेल तर ती पाण्यावर उचलली जाते ती ३००० च्या आगेमागे, तेव्हा टॉर्क तिथे हवा. ३५०० नंतर जागा होणारा कॅम तिला नाक वर करून रखडत ठेवील. ५०२ क्युबिक इंचाच्या इंजिनात तोच कॅम थोडा सौम्य वागतो, कारण सिलिंडर मोठा आहे.

आयडलिंगचीही एक गोम आहे. मर्क्रूझर कंपनीच्या अल्फा या स्टर्नड्राइव्हमध्ये गिअर काढताना एक स्विच क्षणभर इग्निशन तोडतो. खडखडत आयडल होणारे इंजिन तेवढ्यात बंद पडते, तेही नेमके धक्क्याला लागताना. एमपीआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळे पेट्रोल फवारणाऱ्या) इंजिनाचा कंट्रोलर मेनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरवरून पेट्रोल मोजतो. ओव्हरलॅपने व्हॅक्यूम पडला की त्याला इंजिनावर भार आहे असे वाटते आणि मिश्रण जाड होते. कॅमबरोबर त्याचे कॅलिब्रेशनही बदलावे लागते.

जोडणीतल्या चुका तर त्याच त्या. हायड्रॉलिक रोलर टॅपेटचा कॅम घ्यावा (टॅपेट म्हणजे कॅमवर टेकून पुशरॉड उचलणारा तुकडा). फ्लॅट टॅपेटचा नवा कॅम पहिली २०-३० मिनिटे २०००-२५०० आरपीएमवर चालवावा लागतो, आणि तेवढा वेळ बोटीला पाणी पुरवले नाही तर पंपाचा रबरी इम्पेलर जळतो. स्टीलच्या रोलर कॅमला जुळणारा डिस्ट्रिब्युटर गिअरच लावावा, नाहीतर त्याचे दात झिजून चुरा ऑइलमध्ये जातो. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगच्या वेटोळ्यांत एकूण ६० थाऊ तरी जागा उरावी. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात इनलेटला ८०, एक्झॉस्टला १०० थाऊ. हे मोजताना सॉलिड टॅपेट आणि हलक्या स्प्रिंगा लावाव्यात. हायड्रॉलिक टॅपेट दबतो आणि नसलेली जागा दाखवतो.

टायमिंगच्या खुणा जुळवल्या म्हणजे कॅम बसला, असे समजू नये. डिग्री व्हील (अंशांची चकती) लावून, पिस्टन अडवणाऱ्या स्टॉपने दोन्ही बाजूंचे आकडे घेऊन, त्यांच्या मधोमध खरा टीडीसी (पिस्टनचे सर्वांत वरचे स्थान) धरावा. मग एक नंबरच्या इनलेट टॅपेटवर डायल लावून पूर्ण लिफ्टच्या आधी आणि नंतर ५० थाऊ खाली कोणता अंश येतो ते वाचावे. क्रँक चालायच्या दिशेनेच फिरवावा, मागे घेतला तर साखळीची ढील आकड्यात शिरते. ८२ आणि १३८ आले तर मध्य ११०: ११४ सेपरेशनचा कॅम ४ अंश अ‍ॅडव्हान्स बसला, बरोबर आहे. मध्य ११४ आला तर खालचा टॉर्क गेला. स्प्रॉकेटच्या दुसऱ्या चावीखाचेवर बसवून पुन्हा मोजावे. जुन्या जुळ्या इनबोर्ड बोटींत एक इंजिन उलटे फिरते. त्याची फायरिंग ऑर्डर वेगळी, कॅमही वेगळा. ऑर्डर देताना हे लिहायला विसरू नये.

पुढच्या अंकात एवढी दुरुस्ती छापावी ही विनंती: बोटीसाठी कॅम मागवताना कॅम बनवणाऱ्याला बोटीचे वजन, ड्राइव्हचा रेशो, पंख्याचा पिच, एक्झॉस्टचा प्रकार, कॉम्प्रेशन, पेट्रोलचा ऑक्टेन आणि नेहमीचे क्रूझिंग आरपीएम, या सातही गोष्टी कळवाव्यात.

आपला विश्वासू,
एक वाचक, डेट्रॉइट